सगळी वांगी एका पिशवीत

आमच्या शेजारच्या टेंबेकाका आणि नलूकाकूंच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. या बेचाळीस वर्षांत ही दोघं एकदाही एका विमानात बसलेली नाहीत.

नाही, भांडणबिंडण काही नाही. दोघं एका घरात राहतात, एका वाटीतला चिवडा खातात, गाडीत एकमेकांना रस्ता शिकवतात. पण भारतात जायचं म्हटलं की काकू सकाळच्या विमानाने युरोपमार्गे आणि काका संध्याकाळच्या विमानाने आखातातून. कंपन्यासुद्धा वेगळ्या. जो आधी पोचेल तो मुंबईच्या एअरपोर्टवर बॅगांवर बसून दुसऱ्याची वाट बघतो. आणि इकडे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावाहून डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर त्यांना सोडायला एकाच दिवसात दोनदा जातं कोण? मी! पाऊण तास जायचं, पाऊण तास यायचं, घरी येऊन चहा प्यायचा की पुन्हा तेच. नऊ वर्षं हा शेजारधर्म पाळतेय, सांगते कुणाला.

पहिल्या खेपेला मी न राहवून विचारलं होतं, "काहून हो काका, असं वेगवेगळं?"

"वैशाली, सगळी वांगी एका पिशवीत ठेवायची नसतात," काका म्हणाले.

इंग्रजीत ती अंडी आणि टोपली असते, हे मलाही ठाऊक आहे. पण काका पक्के शाकाहारी. "अंडी फुटली तर फुटली, मला काय त्याचं?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून वांगी.

"मग गाडीत बरं दोघं एकत्र बसता!"

"गाडीचे ब्रेक मी केलेत. विमानाचे नाही."

हे मात्र खरं. काकांनी इथल्या एका मोटार कंपनीत तीस वर्षं ब्रेक डिझाइन केले. गाडीच्या ब्रेकला म्हणे दोन वेगळ्या नळ्या असतात. एक फुटली तरी दुसरीने गाडी थांबते. हे तत्त्व काकांच्या डोक्यात इतकं मुरलं, की पुढे त्यांनी पैसेसुद्धा तसेच लावले. थोडे मोठ्या कंपन्यांत, थोडे छोट्या, थोडे परदेशी, थोडे सरकारी बाँडमध्ये, चिमूटभर सोनं. साठ टक्के शेअर, चाळीस टक्के बाँड. दर तीन महिन्यांनी बसून जे वाढलं त्यातलं काढायचं आणि जे कमी पडलं त्यात घालायचं. याला ते रीबॅलन्स करणं म्हणतात. इथवर ठीक आहे हो, शहाणी माणसं असंच करतात. पण काका तिथे थांबतील तर शपथ.

त्यांच्या घरी दोन फ्रिज आहेत आणि दूध दोन्हींत अर्धं-अर्धं. चष्मे सहा, सहा खोल्यांत. बीपीच्या गोळ्या निम्म्या घरात, निम्म्या गाडीत, आणि 'राखीव' म्हणून चार आमच्या मसाल्याच्या डब्याशेजारी. देव्हाऱ्यात गणपती, दत्त आणि बालाजी तर आहेतच, शिवाय पलीकडच्या म्हाताऱ्या पोलिश बाईंनी ख्रिसमसला दिलेली मेरीची मूर्तीही आहे. तिला हळदकुंकू वाहून काका म्हणतात, "थोडं फॉरेन एक्स्पोजर हवं." उन्हाळ्यात ते टोमॅटोची रोपं तीन वेगवेगळ्या शेजाऱ्यांच्या अंगणात लावतात. आमच्या अंगणातली हरणांनी खाल्ली, तेव्हा मी ओशाळून सांगायला गेले. काकांनी शांतपणे वहीत लिहिलं, 'वैशाली सेक्टर, तोटा.'

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तर त्यांच्या पंगतीला बसू नये. श्रीखंड म्हणजे शेअर, वरणभात म्हणजे बाँड. अर्धं जेवण झालं की ताटाकडे निरखून बघतात, "श्रीखंड जास्त झालं," म्हणतात आणि काकूंच्या ताटात दोन चमचे सरकवतात. काकूंना डायबेटिस. त्या तेच श्रीखंड माझ्या ताटात सरकवतात. माझं वजन जे वाढलंय ते या रीबॅलन्सिंगमुळे वाढलंय, हे मी प्रसादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हजारदा सांगितलंय.

बाजार पडला की मंडळातले सगळे काकांना फोन करतात. "काका, विकू का?" काकांचं उत्तर ठरलेलं. "पॅनिक करायचं नाही. चहा कर, आलं घाल." प्रसादने एकदा त्यांचं न ऐकता घाबरून सगळं विकलं, आणि बाजार चढल्यावर तेच महागात विकत घेतलं. काका तेव्हापासून त्याला कर्ण म्हणतात. "काय कर्णा, आज काय दान केलंस?"

स्वतः काका खरंच पॅनिक करत नाहीत. ते बर्फ काढतात. बाजार थोडा पडला तर फक्त स्वतःच्या दारातला. बराच पडला तर आमच्याही ड्राइव्हवेवरचा. एकदा तर सकाळी फावडं घेऊन जे निघाले ते पोस्टाच्या पेटीपर्यंत अख्खी गल्ली साफ करून आले. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गोऱ्या लोकांनीसुद्धा घाईघाईने आपापले रिटायरमेंटचे अकाउंट उघडून पाहिले. आमच्या गल्लीत बाजाराच्या बातम्या कुणी लावत नाही, खिडकीतून काकांकडे बघतात.

तर अशी सगळी मजा चालली होती, आणि या जानेवारीत काकूंनी बंड केलं.

काकूंच्या मोठ्या बहिणीचं सांगलीला सहस्रचंद्रदर्शन होतं. काकूंना आईच्या जागी ही ताई. जायचं तर होतंच. पण काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "एका विमानात, शेजारी-शेजारी. नाहीतर मी जात नाही. सांग तुझ्या काकांना."

"अहो काकू, ताईंचं सहस्रचंद्रदर्शन पुन्हा होणारे का?"

"नाही होणार. म्हणून तर म्हणतेय."

मग त्यांनी सांगितलं. विमान वर उठताना त्यांच्या छातीत धडधडतं. इतकी वर्षं त्या शेजारी जो बसला असेल त्याचा हात धरत आल्या. एकदा पाद्री होता, एकदा टेक्सासचा ट्रकवाला, एकदा सुरतेचा हिरेवाला. गेल्या खेपेला शेजारी एक अमेरिकन बाई होती. काकूंनी हात धरल्यावर तिने तो थोपटला, कुरवाळला, तिला वाटलं बिचारी विधवा आहे. डोळ्यांत पाणी आणून तिने स्वतःची चॉकलेटं काकूंना दिली.

"मी खाल्ली बाई. काय सांगणार होते तिला? नवरा धडधाकट आहे पण वांग्याच्या हिशेबात दुसऱ्या विमानात बसलाय?"

मी हसत सुटले. काकू हसल्या नाहीत. "मला आता लोकांचे हात धरायचा कंटाळा आलाय गं," म्हणाल्या.

मी निरोप पोचवला. काकांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "भावनेच्या भरात पोर्टफोलिओ बदलायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकानातली होती तेवढी वांगी आणली, एका पिशवीत कोंबली आणि ती पिशवी काकांच्या खुर्चीवर टांगली. मग आठ दिवस भरली वांगी, भरीत, काप, वांगीभात, पुन्हा भरीत. काकांना ताटात रीबॅलन्स करायला दुसरं काही सापडेना. एकदा ते 'सहज' म्हणून आमच्याकडे आले आणि उभ्याउभ्या तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाऊन गेले. तिकिटं रोज महाग होत होती. ताईंचे सांगलीहून फोन येत होते. काकू प्रत्येक फोनला सांगत होत्या, "बघू, यांचं ठरलं की कळवते." फोन ठेवला की पदराने डोळे पुसत होत्या. हट्टाने त्यांचाच जीव जात होता, पण मागे हटायला तयार नव्हत्या.

त्यात बाजार कोसळला. काकांनी पहिल्या दिवशी आमचा बर्फ काढला, दुसऱ्या दिवशी पोलिश बाईंचा, तिसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीपर्यंत. प्रसाद नखं खात होता. "हे बघ, पेटीपर्यंत गेले! विकू का गं?" मी म्हटलं, "हात लावून बघ फोनला, काकांच्याआधी मीच तुला कर्ण करते."

पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता पाहते तर काका पुन्हा आमच्या ड्राइव्हवेवर. प्रसादने धास्तावून फोन उघडला, आणि बघतच राहिला.

"अगं, मार्केट तर वर आहे! चांगलंच वर आहे!"

मग हे कसला बर्फ काढतायत? रात्री बर्फ पडलासुद्धा नव्हता बाप्पा. काका नुसतं कोरडं काँक्रीट खरवडत होते. मी चहाचा थर्मास घेतला, जॅकेट चढवलं आणि बाहेर गेले.

"काका, आलं घातलंय."

काका फावड्याला टेकून उभे राहिले. नाक लाल झालं होतं. थर्मास हातात घेत म्हणाले, "मृणालचा फोन आला होता." मृणाल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, सिॲटलला असते.

"काय म्हणाली?"

"मी तिला समजावत होतो, की आम्ही तुझ्यासाठीच वेगळं जातो. एकाला काही झालं तर तुला दुसरं कुणीतरी उरायला हवं. लहानपणी तीसुद्धा जाताना आईबरोबर, येताना माझ्याबरोबर. तर म्हणाली, 'बाबा, आय ॲम फॉर्टी. आय हॅव अ किड. आय विल बी ओके. जस्ट सिट विथ आई.'"

"बरोबर बोलली."

"तिचं बरोबरच असतं." काकांनी चहाचा घोट घेतला. "माझ्याकडे एक शीट आहे, वैशाली. कोण गेलं तर काय करायचं त्याची. मी गेलो तर, असा एक भाग आहे. त्यात सगळं लिहिलंय. कुठलं अकाउंट, कुठला पासवर्ड, कुणाला फोन करायचा, घर तापवायच्या भट्टीचा फिल्टर कधी बदलायचा. पानंच्या पानं आहेत. दुसरा भाग आहे, नलू गेली तर. काल रात्रभर बघत बसलो. तीस वर्षांत त्यात मी एक ओळ लिहिली नाहीये."

मी थर्माससाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो दिला नाही, तसाच धरून ठेवला.

"काय लिहिणार?" काका म्हणाले. "मृणालसाठी एकाने उरायचं होतं. ती आता मोठी झाली. आता कोण कुणासाठी उरायचं? मला नाही उरायचं गं. मी हिशेब पुन्हा मांडून पाहिला. आता एका विमानात बसणं ही रिस्क नाही. वेगळं बसणं ही रिस्क आहे."

आणि लगेच नाक पुसून, "बाकी मार्केट आज वर आहे. कर्णाला सांग, आज काही दान करू नकोस."

त्या दुपारी काकांनी तिकिटं काढली. एका विमानात, शेजारी-शेजारी. काकूंनी ताईंना फोन केला तो आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता. संध्याकाळी आमच्याकडे बटाटेवडे आले. वांगी कुणाच्याच नजरेसमोर नको होती.

निघायच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकदाच एअरपोर्टवर सोडलं. काका सुधारले असं मात्र समजू नका. काकूंच्या निम्म्या साड्या काकांच्या बॅगेत होत्या, काकांचे निम्मे शर्ट काकूंच्या बॅगेत. ताईंची भेट म्हणून घेतलेली चांदीची समई दोन भागांत उघडून दोन बॅगांत. जेवणाचंही त्यांनी एकाला व्हेज आणि एकाला जैन असं सांगून ठेवलं होतं.

"डायव्हर्सिफिकेशन सोडलेलं नाही," मला बजावून काका आत गेले. काकू हसत हसत मागे. नवी साडी, वर जॅकेट, पायांत स्नीकर्स.

मी पार्किंगमध्ये गाडी लावून कॉफी पीत बसले. म्हटलं, आज दुसरी खेप नाही, जरा निवांत बसू. दोन तासांनी काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. विमानातल्या खुर्चीच्या दांड्यावर दोन हात. एका हाताने दुसरा हात असा काही आवळला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी लिहिलं, 'काकू, घाबरू नका हो. या वेळी तर काका आहेत!'

उत्तर आलं, 'अगं, वरचा हात त्यांचा आहे. विमान अजून जागचं हललंही नाही आणि पाहा कसा धरलाय. मी विचारलं, एवढे घाबरता, मग इतकी वर्षं कुणाचा हात धरत होतात? तर म्हणाले, कुणाचाच नाही.'