परीला उठवू नका

परी झोपली ती तिसऱ्या गाडीत.

पहिल्या दोन गाड्यांत तिनं झोपेचं नाव काढलं नव्हतं. पहिली सेडान पांढरी होती, स्वभावानं समंजस होती, डिकीत बाबागाडी सहज मावत होती; पण तिच्यात बसल्यापासून उतरेपर्यंत परी एकाच पट्टीत रडली. दुसरी राखाडी होती, तिचे ब्रेक लोण्यासारखे होते. तिच्यात परीनं पट्टी बदलली. परीला दात येत होता. एकच येत होता, पण असा वाजतगाजत येत होता की अख्खं घर त्याच्या स्वागताला जागं राहत होतं. ती झोपायची फक्त आईच्या खांद्यावर, आणि खांदा पलंगाच्या दिशेनं जरा वाकला की टक्क जागी व्हायची. त्यामुळे तिची आई हल्ली उभ्यानं जेवायची, भिंतीला टेकून डुलक्या काढायची, आणि कालच तिनं परीचं अंगाला लावायचं मलम टूथब्रशवर घेऊन निम्मे दात घासले होते. गाड्या बघायला ती आली ती एवढ्याचसाठी, की गाडीत बसायला मिळतं.

तिच्या नवऱ्याला मात्र गाडीच हवी होती, आणि साधी नको होती. शोरूमच्या मधोमध, काळीभोर, दिव्यांखाली चमकणारी जी उभी होती, ती.

"नुसतं बसून बघू," तो म्हणाला. "बसायला काय जातंय?"

"आपल्या पार्किंगमध्ये तिचं शेपूट बाहेर राहील," बायको म्हणाली. "ती पांढरी बरी आहे."

"पांढरी ही गाडी झाली, मॅडम," टाय घातलेला सेल्समन मध्ये पडला. "गाडी अशी असते आणि फ्लॅगशिप अशी असते." पहिल्या 'अशी'ला त्यानं हात गुडघ्याशी धरला आणि दुसऱ्या 'अशी'ला टाचा उंचावून डोक्यावर नेला.

"फ्लॅगशिप म्हणजे काय रे?" सासूबाईंनी मुलाला विचारलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मुख्याध्यापिका अजून होत्याच.

"कंपनीची सगळ्यात वरची गाडी, आई."

"वरची म्हणजे? गच्चीवर ठेवायची?"

"तसं नाही आजी," सेल्समन म्हणाला. "पूर्वी आरमारात सेनापतीचं जे जहाज असायचं, ज्यावर झेंडा..."

"आजी मी हिची. तुम्ही बाई म्हणा. आणि झेंडा कुठाय?"

झेंडा नव्हता. पण सीट मऊ होत्या, काचा जाड होत्या, आणि मागं बाळाची सीट बसवून, तिच्यात रडती परी बसवून, एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि पुढं आपल्या शेजारी सेल्समन बसवून नवऱ्यानं गाडी सुरू केली. म्हणजे तशी त्याची समजूत होती. सुरू झाल्याचा काही आवाजच आला नाही. गाडी रस्त्याला लागली आणि बाहेरचं जग मुकं झालं. परीनं एक हुंदका दिला, दुसरा अर्धा दिला, आणि उरलेला अर्धा तसाच ठेवून मान टाकली.

"झोपली," सूनबाई पुटपुटली. इतक्या हळू, की ओठच हलले. पण गाडीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, पुढच्या चौकातून उजवीकडे घेतलं की आपण परत शोरूमला..." सेल्समननं सुरुवात केली.

"श्श!"

"थांबलो तर उठेल का गं?" नवऱ्यानं कुजबुजत विचारलं.

"थांबून बघ," ती म्हणाली. "मी माहेरी जाईन. आणि एकटी जाईन."

उजवं वळण मागं पडलं. नवऱ्यानं गाडी शहराबाहेरच्या वळणरस्त्याला घातली, कारण तिथं सिग्नल कमी होते. जे होते, त्यांच्याकडे तो लांबूनच इतक्या सावकाश सरकायचा, की पोचेपर्यंत लालाचा हिरवा झालेला असायचा. मागून हॉर्न वाजत होते. जाड काचांतून ते लांबच्या बदकांसारखे वाटत होते.

"बघा, लक्झरी म्हणजे हे," नवरा हळूच म्हणाला. "लोक हॉर्न देतायत आणि आपल्याला पत्ताच नाही."

"लक्झरी म्हणजे लेदर, सर," सेल्समन तितक्याच हळू म्हणाला. "हात फिरवून बघा. आणि बाई, ह्या गाडीला नुसतं तोंडानं सांगायचं. काच उघड, गाणं लाव, काय वाटेल ते. आपली भाषा कळते. मागं बसलेल्यांचं पण ऐकते. फक्त आधी तिचं नाव घ्यायचं."

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्या नातीची दुलई सारखी करत होत्या.

"परी, गार लागतंय का गं?"

टिंग! "तापमान वाढवत आहे," कुठल्यातरी बाईचा खणखणीत आवाज आला.

गाडीतल्या चारही माणसांचा श्वास अडकला. परीचा खालचा ओठ बाहेर आला. थरथरला. बराच वेळ विचार केल्यासारखा तिथंच राहिला, आणि आत गेला.

"कोण बोललं?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच ना बाई," सेल्समन कसनुसं हसला. "कंपनीनं ठेवलेलं नाव. प..."

"नाव घेऊ नका!" सूनबाई दातओठ खात म्हणाली. "बंद करा तिला."

"बंद करायला गाडी उभी करावी लागते, मॅडम. सेफ्टी आहे."

उभी करणं शक्य नव्हतं. मग असं ठरलं, की गाडी चालू असेपर्यंत ते नाव कुणी घ्यायचं नाही. सासूबाईंना हे पटलं नाही. स्वतःच्या नातीला नावानं हाक मारायला मोटारकंपनीची परवानगी कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी "बरं, मी तिला विद्यार्थिनी म्हणेन," असा त्यांनी तोडगा काढला.

तोडगा पुढच्या खड्ड्यापर्यंत टिकला. गाडी जरा हलली, विद्यार्थिनी कुरकुरली, आणि आजीच्या तोंडून जे नेहमी निघतं तेच निघालं.

"नाही नाही परी, आडवी हो बघू!"

टिंग! "पुढील आसन आडवे करत आहे."

सेल्समन डोळ्यांदेखत मागं झुकू लागला. त्यानं हवेत हात मारले, टाय तोंडावर आला, आणि त्याचं डोकं सासूबाईंच्या मांडीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. दोघं एकमेकांकडे उलट्या बाजूनं बघत राहिली.

"तुम्हाला कोण म्हणालं झोपायला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही बाई, सीट... ब-ब-बाई, म-म-मसाज पण सुरू झालाय."

"मग घ्या करून. आता बोलू नका."

पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं होतं. त्या गाडीच्या छताकडे आदरानं बघू लागल्या होत्या. "एका सांगण्यात ऐकते हो ही," त्या हळूच सुनेला म्हणाल्या. "अख्खी शाळा माझ्या हाताखाली होती, पण एका सांगण्यात ऐकणारं कुणी भेटलं नाही. ह्याच्या वडिलांसकट. तुम्ही काहीही म्हणा, लक्झरी ती ही."

पुढं नवऱ्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. मघाशी वाढवलेलं तापमान वाढतच होतं. ते कमी करायचं तर नाव घ्यावं लागणार होतं, आणि नाव घेतलं की ती बया ठणाणा उत्तर देणार होती. त्यानं एका हातानं शर्टाची वरची बटणं सोडली आणि निमूटपणे भाजत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. सेल्समनचा फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे वाजली ती अख्खी गाडी. आडव्या सेल्समननं खिशात हात घालेपर्यंत फोन लागलासुद्धा.

"अरे, आहेस कुठं?" शोरूमच्या मॅनेजरचा आवाज चारही दारांतून गरजला. "डॉक्टरसाहेब येऊन बसलेत इथं! फ्लॅगशिप कुठाय? चालवतायत का पळवून नेतायत..."

"हळू बोला!" सासूबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत; वर्गाच्या दारात उभं राहून मुख्याध्यापिका बोलते तसं बोलल्या. "इथं लहान मूल झोपलंय. कळतं का काही?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

"सॉरी बाई," मॅनेजर म्हणाला, आणि फोन बंद झाला. आपण सॉरी का म्हणालो आणि बाई कुणाला म्हणालो, हा विचार तो बिचारा संध्याकाळपर्यंत करत असणार.

परी उठली नव्हती. पण आता पेट्रोलचा दिवा लागला होता. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत कुणी टाकी भरून ठेवत नाही. पाहुण्यांनी चहा पिऊन निघावं, तसा हिशेब असतो.

"थांबावं लागणार," नवरा रडवेल्या सुरात म्हणाला.

सूनबाईनं काही उत्तर दिलं नाही. एक हात परीच्या सीटवर ठेवून ती मान मागं टेकून बसली होती. ते मौन नवऱ्याला धमकीपेक्षा भयंकर वाटलं.

"सर," खालून सेल्समनचा आवाज आला. मसाजमुळे असेल, पण आता तो आपल्यातला वाटू लागला होता. "गाडी थांबली तरी चालेल ना? हलली म्हणजे झालं."

पंपावर गाडी लागली न लागली, तोच दोघं दोन्ही दारांनी उतरले आणि डिकीवर हात टेकवून गाडी वरखाली हलवू लागले. पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघत राहिला.

"स्टार्ट होत नाही का?"

"होते," नवरा धापा टाकत म्हणाला.

"मग?"

"बाळ झोपलंय."

पंपवाल्यानं मागच्या काचेतून आत वाकून पाहिलं. मग एका हातानं नळी टाकीत खुपसली आणि दुसरा हात डिकीवर ठेवून तोही लागला. तिघांचा छान ठेका जमला.

"कंपनीची सगळ्यात मोठी ना ही?" त्यानं विचारलं.

"हो. फ्लॅगशिप."

"आमच्या पोराला पाळणा होता," तो म्हणाला. "त्याला पेट्रोल लागायचं नाही."

पुन्हा वळणरस्ता लागला. हलवण्याच्या नादात त्या बयेला बंद करायचं राहूनच गेलं होतं. नवऱ्याचे दंड भरून आले होते, पोटात कावळे कोकलत होते, आणि शर्ट पाठीला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला होता. बऱ्याच वेळानं त्यानं धीर करून आरशात पाहिलं आणि स्टिअरिंग जवळजवळ सोडलंच.

परी टक्क जागी होती. दुलईचं टोक चघळत, खिडकीतून मागं पळणारे खांब बघत होती. अगदी मजेत.

"आई! ती उठलीय!"

"पंपावरच उठली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "झोका आवडला तिला."

"मग तू सांगायचं नाही? आपण कुणासाठी हे इतकं..."

सासूबाईंनी नुसती हनुवटी हलवली. त्यानं आरसा जरा फिरवला. त्याच्या बायकोचं डोकं मागं कललं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती बारीक, नियमित, समाधानानं घोरत होती. कपाळावरची ती कायमची आठी कुणीतरी इस्त्री करून काढल्यासारखी गेली होती. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती इतकी शांत दिसत नव्हती.

"माझ्या वेळी गाडी नव्हती," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तू उठलास की उठलासच. आणि मला झोपवायचं कुणाला सुचलं नाही. चालव."

त्यानं चालवली. परीनं रडायला तोंड उघडलं की सासूबाई आपलं बोट पुढं करायच्या, आणि परी त्यावर आपला नवा दात घासून बघायची. मॅनेजरचा पुन्हा फोन आला, तेव्हा सेल्समननं आधीच फोन गाडीपासून तोडून ठेवला होता. तो टायमागं तोंड लपवून कुजबुजला, "सर, डॉक्टरसाहेबांना पांढरी दाखवा. फ्लॅगशिपला उशीर होईल... नाही सर, बिघडली नाही. उलट आत्ताच कुठं कामाला लागलीय."

उन्हं कलायला लागली तेव्हा सूनबाई जागी झाली. तिनं आळस दिला, आजूबाजूला पाहिलं, मनगटावर घड्याळ आहे का हे चाचपलं, आणि लहान मुलीसारखी हसली.

"काय सुंदर गाडी आहे रे," ती म्हणाली. "हीच घेऊ या."

आडवा सेल्समन ताडकन उठून बसला.

"मी तर मघाशीच ठरवलंय," सासूबाई म्हणाल्या. "रोज ऑफिसातून आलास की ह्या दोघींना एक फेरी. सुट्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ."

इतक्या दिवसांचं स्वप्न असं ताटात वाढून समोर आलं होतं. पण नवऱ्यानं मोकळ्या हातानं आपला भरलेला दंड चोळला, घाम पुसला, आणि समोरच्या न संपणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

"ती पांढरी गाडी," तो चाचरत म्हणाला, "तशी काय वाईट होती? डिकी चांगली होती तिची."

सूनबाई पुन्हा मान टेकवून डोळे मिटत होती.

त्यानं केविलवाण्या नजरेनं शेजारी पाहिलं. "काय हो, आपोआप चालायची सोय नाही का ह्या गाडीत?"

सेल्समननं मागच्या सीटकडे एक नजर टाकली, मग स्टिअरिंग धरून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि टाय सरळ केला.

"मॅडमच्या बाजूनं बघितलं, सर," तो म्हणाला, "तर आहे की."