हिराजीभाऊंची अलर्जी

हिराजीभाऊंच्या गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी आहे आणि साखळीत भलंमोठं लॉकेट. आमच्या पनवेलजवळच्या सुकापुरात अशा लॉकेटवर एकवीरा आई असते, नाहीतर बैलांची जोडी. भाऊंच्या लॉकेटवर ठसठशीत अक्षरांत कोरलंय, ‘भांग चालत नाय’.

सोनाराने म्हणे विचारलं होतं, ‘नाही’ असं शुद्ध लिहू का? भाऊ म्हणाले, “मी बेशुद्ध पडलो तर माज्या वतीनं ह्यो लॉकेट बोलनार. मग तो माज्यासारकाच बोलला पायजे.”

हिराजी घरत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आमची इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. मी साताऱ्याहून इथे राहायला आले त्या दिवशी सामान उतरवून होण्याआधीच ते वर आले आणि म्हणाले, “ताई, तुमचा किचन हाय ना, तिथं आमचा खळा होता. बरकत हाय त्या जागेला.” दुसरं वाक्य होतं, “आनि मला भांगेची अलर्जी हाय.”

लोक आपलं दुखणं लपवतात. भाऊ ते मिरवतात. महाशिवरात्रीला आपटा गावाकडच्या एका देवळात मित्रांनी दिलेली ठंडाई ते प्यायले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, शेवटी डॉक्टरांनी निदान केलं, ही हकिकत सोसायटीतल्या प्रत्येकाने किमान एकदा ऐकली आहे. “तोंड असा फुगला, का आरशात मीच मला रामराम घातला!” इथे ते स्वतःच आधी हसतात. कुणी आपल्या मधुमेहाचं सांगायला लागलं, की भाऊ हात झटकतात. “ते कुनालापन होतं. आपला केस येगळा हाय.”

सुनेने हौसेने महागातला शर्ट आणला. तो भांगेच्या झाडाच्या धाग्याचा आहे हे कळल्यावर भाऊंनी तो काठीने उचलून गॅलरीत टांगला. वरच्या मजल्यावरच्या उत्तराखंडच्या भाभींनी त्यांच्या गावाकडची चटणी डब्यातून पाठवली. कसली, असं भाऊंनी विचारलं. भांगेच्या बियांची, असं उत्तर आलं. भाऊ अनवाणी जिन्यावरून खाली गेले ते थेट गेटपाशी थांबले. भाभी बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या, की संध्याकाळी भाऊच त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन गेले. त्या शाकाहारी निघाल्या, ती गोष्ट वेगळी.

गच्चीवर कॉलेजची मुलं गांजा ओढायला लागली, तेव्हा कॅमेऱ्यात काही दिसलं नाही. भाऊ मात्र पाण्याची टाकी बघायला म्हणून वर गेले आणि शिंकत शिंकत, लाल डोळ्यांनी खाली आले. गांजाही शेवटी भांगेच्याच झाडाचा. मुलं सापडली. सोसायटीच्या सभेत आभाराचा ठराव झाला, तेव्हा भाऊंनी उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. मीही टाळ्या वाजवल्या. असा शेजारी दुसऱ्या कुठल्या सोसायटीत असेल, असं मला वाटत नाही.

मागच्या धुळवडीला खाली ठंडाईचे दोन जार ठेवले होते. एक साधा, एक भांगेचा. भाऊ लांब खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगत होते, “डावा साधा! उजव्याच्या वाटेला जाऊ नका!”

ईशा नावाची अकोल्याची मुलगी आमच्या इमारतीत भाड्याने राहते, एकटीच. ती हसत उजव्या जारकडे गेली आणि ग्लासभर प्यायली. थोड्या वेळाने ती हात खाजवायला लागली, मग मान. पाय लटपटले, तशी ती कठड्यावर बसली. मुलं ओरडली, “चढली, चढली!” कुणीतरी मोबाईल काढला.

भाऊ खुर्ची पाडून उठले.

“चढली नाय ती! होठ बघा तिचे!”

गुलाबी रंगाखाली तिचे ओठ खरंच सुजले होते. आवाज बसला होता. माझ्या पर्समध्ये ॲलर्जीची गोळी होती, ती मी काढली.

“गोळीची वाट बघत बसायचं नाय, ताई. घसा आवळतोय तिचा. गाडीत बसा.”

भाऊंची नवी पांढरी गाडी, तिच्यात ते कुणाला ओल्या छत्रीसकट बसू देत नाहीत. त्या गाडीच्या सीटवर आम्ही हिरव्या-गुलाबी रंगाने माखून बसलो. नवीन पनवेलच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत भाऊ एकच बोलत होते, “बाय, श्वास घे. मी हाय.” दारातच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, “भांग प्यायलीय, अलर्जी हाय.” डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं.

तासाभरात तिचा श्वास सुरळीत झाला. रात्रभर लक्ष ठेवायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तिचे आईवडील अकोल्याहून निघाले होते.

“कॉलेजात एकदा प्यायले होते, तेव्हा नुसती खाज आली होती,” ईशा म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आता सगळे हसतील मला.”

मला वाटलं, आता भाऊ आरशाची गोष्ट सांगणार.

“माज्या वेळी हसले होते,” भाऊ हळूच म्हणाले. “देवळाच्या पायरीवर पडलेलो मी. श्वास जात नव्हता, बोलता येत नव्हतं. दोस्त बोलले, चढलीय, पडू दे. आनि निघून गेले जेवायला. आमची बायको शोधत आली, तिनं एकटीनं उचलून रिक्षात घातला. लय भ्यालो होतो मी, बाय.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाऊंच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून उलव्याला राहतात.

“काका, तुम्ही घरी जा आता,” ईशा म्हणाली. “वाट बघत असतील.”

“घरी टीव्ही हाय. तो काय वाट बघत नाय. झोप तू.”

ती झोपली. मी कॅन्टीनमधून चहा आणला. गालावरचा रंग न पुसता भाऊ तसेच स्टुलावर अवघडून बसले होते. ईशाने झोपेत त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

मी चहा पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

“ठेवा तिकडं,” ते कुजबुजले. “हात हलवला तर उठेल ती.”