फक्त एक डिग्री

साहेबांनी सकाळी वॉशबेसिनचा नळ सोडला तेव्हा नळ आधी खाकरला, मग त्याने एक लांब उसासा टाकला आणि तो गप्प झाला. मागे दारात सासूबाई तोंडात पेस्टचा फेस घेऊन उभ्या होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या बघत होत्या. साहेबांच्या मते हे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"पाइप गोठलाय," साहेब म्हणाले. एखाद्या डॉक्टरला दुर्मीळ आजाराचा पेशंट सापडावा तसा त्यांच्या आवाजात आनंद होता. "होणारच होतं. मी वाटच बघत होतो."

थंडी हा साहेबांचा घरचा विषय. डोंगरात येण्याआधी ते खाली मैदानी मुलखात आइस्क्रीमच्या कारखान्यात कोल्ड स्टोरेज सांभाळत असत. तिथलं तापमान उणे अठरा. ही गोष्ट त्यांनी इथे आल्या आल्या सफरचंदांच्या गोदामातल्या प्रत्येक माणसाला इतक्या वेळा सांगितली, की आता पाठीमागे सगळे त्यांना 'उणे अठरा'च म्हणत. त्या उणे अठरात साहेब जाड कोट घालून पाव तास जात आणि मग बाहेर येऊन उकाड्यात चहा पीत, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तिने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. संसार असाच टिकतो.

पण आजचा दिवस जरा नाजूक होता. एक म्हणजे गोदामाचे मालक शहरातून आले होते. साहेबांची नोकरी पक्की करायची की नवा माणूस बघायचा, हे ते आज ठरवणार होते. आणि दुसरं म्हणजे सासूबाई. लेकीने हॉस्पिटलमधली चांगली चाललेली नोकरी सोडून नवऱ्यामागे या डोंगरात यावं, हे त्यांना मुळातच पटलं नव्हतं. त्या गेल्या आठवड्यात आल्या त्या पाहणी करायलाच. "मला इथलं ठीक वाटलं नाही तर हिला मी घेऊन जाणार. बर्फ वितळला की या म्हणावं न्यायला," असं त्यांनी बस स्टँडवरच जाहीर केलं होतं.

सासूबाईंनी पिण्याच्या पाण्यातलं पेलाभर घेऊन चूळ भरली. "जावईबापू, आता?"

"आता काही नाही, आई. पाच मिनिटं. थंडीशी भांडायचं नसतं, तिला समजून घ्यायचं असतं."

त्यांनी बायकोचा हेअर ड्रायर मागितला. बायको फिजिओथेरपिस्ट होती आणि दुपारच्या ड्युटीआधी केस वाळवायला बसली होती.

"माझे केस ओले आहेत," ती म्हणाली.

"केस थांबतील. पाइप थांबणार नाही."

"पाइप थांबलाच आहे की. म्हणून तर हे चाललंय."

पण तिने ड्रायर दिला. साहेब स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि भिंतीवरून जाणाऱ्या पाइपला शेक देऊ लागले. खिडकी उघडी म्हणून घर गार पडायला लागलं, म्हणून त्यांनी हॉलमधला हीटर ओढून स्वयंपाकघरात आणला आणि दुसरा बेडरूममधून. सासूबाईंना गरम पाणी हवं होतं, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक किटली लावली. पाइपमधून काहीतरी टपकल्यासारखा आवाज आला. साहेबांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं आणि त्याच क्षणी खटकन आवाज होऊन सगळं बंद पडलं. ड्रायर, दोन्ही हीटर, किटली, दिवे आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंचा रेडिओ.

थोड्याच वेळात घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. अंगावर रजई, पायात दोन वेगवेगळे मोजे.

"बातम्या चालू होत्या," त्या म्हणाल्या. "अर्ध्यात गेल्या. आता सरकार राहिलं की पडलं, मला कसं कळणार?"

"फ्यूज गेलाय, मावशी. बसवतो," साहेब म्हणाले.

फ्यूजची पेटी बाहेर जिन्याखाली होती. पेटीला कुलूप होतं आणि कुलपात बर्फ. साहेबांनी किल्ली घातली, ती वळेना. आता इथे साधा माणूस थांबला असता. पण साहेबांनी पदार्थविज्ञानाचा आधार घेतला. किटलीत पाणी उकळतच आलं होतं, ते त्यांनी आणून कुलपावर ओतलं. कुलूप सुटलं. म्हणजे किल्ली वळायला लागली. पण ती धड वळेपर्यंत ओतलेलं पाणी कुलपात पुन्हा गोठलं, आधीपेक्षा घट्ट. साहेबांनी जोर लावला. अर्धी किल्ली त्यांच्या हातात आली आणि अर्धी कुलपात राहिली. उरलेलं पाणी जिन्याच्या पायऱ्यांवर वाहून गेलं होतं. तिथे त्याचं आरशासारखं झालं.

साहेबांची उजवी बाही भिजली होती. ती आता पत्र्यासारखी कडक झाली आणि हात वाकवला की करकरायला लागली.

वरून बायकोने विचारलं, "झालं?"

"जवळजवळ," साहेब म्हणाले.

इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, आज सगळ्या गावाचे पाइप गोठलेत, सगळ्या गावाने हेअर ड्रायर लावलेत आणि सगळ्या गावाचे फ्यूज गेलेत. दुपारनंतर बघतो. हे ऐकून साहेबांना जरा बरं वाटलं, पण घरातली हवा एव्हाना इतकी गार झाली होती की सासूबाई बोलल्या की वाफ निघायची. त्या बऱ्याच बोलत होत्या.

"इथे दुपारपर्यंत बसायचं?" त्यांनी लेकीला विचारलं. "बॅग काढ. संध्याकाळची बस आहे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला जायचं नव्हतं. इथे बर्फ पडल्यापासून लोक घसरून पडत होते आणि दवाखान्यात तिच्या खोलीबाहेर रांग लागत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी 'तुम्ही नसता तर' असं म्हणत होतं. पण हे आईला सांगायची वेळ नव्हती.

"गोदामात चला," साहेब ठामपणे म्हणाले. "माझ्या केबिनमध्ये. तिथे स्वतःचा जनरेटर आहे. मावशी, तुम्हीही."

जिना उतरणं हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. बायकोने पहिल्या पायरीवर पाय ठेवून बघितला आणि लगेच सूत्रं हातात घेतली. "आई, बस. बसूनच उतर. हात मागे टेक, घाई करू नकोस." सासूबाई आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, मान ताठ ठेवली आणि त्या एकेक पायरी अशा थाटात उतरल्या की जणू जिने असेच उतरायचे असतात. त्यांच्यामागून घरमालकीणबाई रजईसकट आल्या. रजई गुळगुळीत असल्यामुळे त्या शेवटच्या काही पायऱ्या न मोजताच खाली पोचल्या आणि साहेबांच्या पोटरीवर येऊन थांबल्या.

"लवकर आले," त्या म्हणाल्या.

गोदाम गल्लीच्या टोकाला होतं. चौघं एकमेकांना धरून, पाय न उचलता, फरशी पुसत निघाल्यासारखी तिथवर गेली.

केबिनचं दार उघडल्यावर साहेबांना एक गोष्ट आठवली. हिवाळा सुरू होताना कंपनीने केबिनसाठी हीटर पाठवला होता आणि साहेबांनी तो "मला काय करायचाय?" असं म्हणून सगळ्यांसमोर पॅकिंगच्या हॉलमध्ये देऊन टाकला होता. पॅकिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता केबिनमधल्या ग्लासातलं पाणी गोठून फुगलं होतं.

"हीटर?" सासूबाईंनी विचारलं.

"पॅकिंगमध्ये आहे. आणतो परत."

"दिलेली वस्तू परत मागणार? सगळ्यांच्या देखत?" सासूबाईंनी डोळे बारीक केले. जावयाची लाज त्यांना स्वतःची वाटत असावी, कारण त्यांनी लगेच दुसरीकडे बघायला सुरुवात केली. भिंतीवर तापमान दाखवणारे लाल आकडे होते. "हे काय आहे?"

"वरचा आकडा बाहेरचा. उणे अकरा. खालचे खोल्यांचे."

"खोली नंबर दोनला तीन लिहिलंय. नुसतं तीन. उणे नाही?"

"नाही. सफरचंदं गोठली तर संपली. म्हणून हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवाव्या लागतात."

सासूबाईंनी हे नीट मनात फिरवून घेतलं. "म्हणजे या गावात आत्ता सगळ्यात गरम जागा तुमचं कोल्ड स्टोरेज आहे."

"तसं... म्हणता येईल."

"मग आपण इथे का उभे आहोत?"

खोली नंबर दोनमध्ये वारा नव्हता, आवाज नव्हता आणि छतापर्यंत रचलेल्या क्रेटमधून सफरचंदांचा गोड वास येत होता. साहेबांनी कामगारांचे जाड कोट आणून दिले, स्वतःही एक चढवला, रिकामे क्रेट पालथे घालून बसायला दिले. दार नीट लागलंय ना, हे पुन्हा पाहिलं. बाहेरच्या मानाने खरंच बरं होतं. घरमालकीणबाईंनी मोजे सारखे केले. बायकोने आईच्या पाठीला रजई लावली आणि ती दोन्ही म्हाताऱ्यांना घोटे फिरवायचा व्यायाम द्यायला लागली.

थोडा वेळ बरा गेला. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक डिग्री वाढवा ना."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"फक्त एक," सासूबाई म्हणाल्या. "तीनचं चार. बटणच दाबायचं असेल ना?"

सकाळपासून साहेब या बाईंना खूश करायला धडपडत होते. त्यात पाइप गेला, फ्यूज गेला, किल्ली गेली, बाही गेली. आता कुठे एक गोष्ट त्यांनी स्वतः मागितली होती आणि ती एका बोटाने होण्यासारखी होती. समोर बायको घोटा हातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"नाही जमणार, आई," साहेब म्हणाले.

"का?"

"फळं लवकर म्हातारी होतात."

"होऊ देत की," घरमालकीणबाई म्हणाल्या. "आम्ही नाही झालो?"

तेवढ्यात दार सरकलं आणि आत एक धिप्पाड गृहस्थ आले. नाक लाल, केस उभे, शहरी पातळ कोट गळ्यापर्यंत आवळलेला. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दार मागे लावून घेतलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"इथे बरं आहे," ते म्हणाले. "माझ्या लॉजमधला पाइप फुटला. अंघोळ नाही, चहा नाही, पहाटेपासून टॉवेल गुंडाळून बसलोय. केबिनमध्ये गेलो तर तिथे अजून वाईट. एखादा क्रेट आहे का जास्तीचा?"

सासूबाई सरकल्या. "बसा. कोट घ्या. आपण काय करता?"

"हे गोदाम माझं आहे."

साहेबांनी करकरणारा हात पाठीमागे नेला. खोली नंबर दोनमध्ये दोन म्हाताऱ्या रजई पांघरून का बसल्या आहेत, हे कसं सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत होते. पण सासूबाईंना तशी गरज वाटली नाही.

"बरं झालं, मालकच भेटले," त्या म्हणाल्या. "मघापासून सांगतेय, एक डिग्री वाढवा. ऐकत नाहीत. तुम्ही सांगा."

मालकांनी हातांवर फुंकर घातली. "वाढवा हो. एका डिग्रीनं काय होतंय? मी सांगतोय ना."

साहेबांनी एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे आणि मग रचलेल्या क्रेटकडे. का कोण जाणे, त्या क्षणी त्यांना अजिबात भीती वाटली नाही. सकाळपासून ते न येणाऱ्या गोष्टींमध्ये हात घालत होते. ही गोष्ट त्यांना येत होती.

"नाही, सर," ते म्हणाले. "माल तुमचा आहे, पण आत्ता तो माझ्या ताब्यात आहे. वसंतात तो कुरकुरीत निघायला हवा. आज एक वाढवली तर उद्या अजून एक मागाल. मी तुम्हाला दुसरा कोट देतो."

आणि त्यांनी स्वतःच्या अंगातला कोट काढून दिला.

मालकांनी तो चढवला. वरपर्यंत बटणं लावली. मग म्हणाले, "मी तुमची परीक्षा वगैरे घेत नव्हतो हं. मला खरंच थंडी वाजत होती."

"कल्पना आहे, सर."

"आधीच्या माणसाने दोन डिग्री वाढवली असती. त्याने वाढवलीच होती. निम्मा माल मऊ पडला." त्यांनी कोटाची कॉलर वर केली. "तुम्ही राहा. कागद मी शहरात गेल्यावर पाठवतो. आणि हा हात असा का वाजतोय तुमचा?"

सासूबाईंनी रजईची एक बाजू उचलली आणि नुसत्या शर्टात कुडकुडणाऱ्या जावयाला मानेनेच खूण केली. साहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दुपारी इलेक्ट्रिशियनचा फोन आला, वीज आली, पाणीही आलं. साहेब "चला घरी" म्हणून उठले तेव्हा मालक आणि घरमालकीणबाई सरकार पडलं की राहिलं यावर वाद घालत होते, बायको ड्युटीवर निघून गेली होती, आणि सासूबाईंनी फोन कानाला लावून त्यांना हातानेच थांबायला सांगितलं. पलीकडे त्यांची थोरली लेक होती.

"नाही गं, कशाला आणू तिला? इथे तिच्यावाचून गावाचं पान हलत नाही," सासूबाई सांगत होत्या. "आणि मीही राहतेय, बर्फ आहे तोवर. हो, घर गारच आहे. पण घरी कोण बसतंय? तू असं कर, तूच ये इकडे. तुझ्या सासूबाईंनाही घेऊन ये. जावईबापूंची खोली नंबर दोन चांगली ऐसपैस आहे. फक्त तापमानाचं काही बोलू नकोस. ते कुणाचं ऐकत नाहीत."