अध्यक्ष आत आहेत

दार धाडकन लागलं तेव्हा ओरेस्तेला सर्वांत आधी राग आला तो कुलपाचा, कारण ते त्याच्याच दुकानातलं होतं.

रोक्कामोरा फुटबॉल क्लबच्या मैदानाला लागून सामानाची एक खोली आहे. तिला खिडकी नाही; दिवा आहे, पण तो लागत नाही. गावातला लोखंडी सामानाचा दुकानदार आणि क्लबचा अध्यक्ष ओरेस्ते सामन्याच्या तोंडावर तिथे चुन्याचं पोतं बघायला गेला होता, कारण कोपऱ्यातली रेघ त्याच्या मते पुसट झाली होती. मागून वाऱ्याने दार लावलं आणि कुलपाची जीभ अडकून बसली. हेच कुलूप बसवताना त्याने समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "एकदा लागलं की बाहेरून किल्ली घातल्याशिवाय बापजन्मी उघडणार नाही." निदान विकलेल्या मालाबद्दल आपण खोटं बोललो नाही, एवढंच काय ते समाधान.

त्याने दार बडवलं, हाका मारल्या. पण ओरेस्ते रविवारी मैदानावर ओरडतो ही गावाच्या दृष्टीने बातमी नव्हती. कोणी लक्ष दिलं नाही.

सामना संपून बराच वेळ झाल्यावर नेव्हियोने जाळी ठेवायला दार उघडलं. नेव्हियो गावचा पोस्टमन आणि संघाचा प्रशिक्षक.

"अरेच्चा, अध्यक्ष! आम्हाला वाटलं वैतागून घरी गेलात."

"किती गोल खाल्ले?"

"खाल्ले नाहीत. तीन मारले."

ओरेस्ते पोत्यावर परत बसला. नोव्हेंबरातल्या संतांच्या सणापासून संघाने एकही सामना जिंकला नव्हता, आणि त्यातल्या एकाही पराभवाला ओरेस्ते गैरहजर नव्हता. पावसात, बर्फात, एकदा तर पायाला प्लास्टर असताना तो काठावर उभा होता. आणि आज तीन गोल झाले तेव्हा तो चुन्याशेजारी होता.

नेव्हियो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे... तुम्ही पूर्ण वेळ आत होता?"

"मग काय फिरायला गेलो होतो?"

नेव्हियोच्या चेहऱ्यावर जो विचार उगवला, तो संध्याकाळपर्यंत चौकातल्या कॅफेत पोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावाबरोबर घरोघर गेला.

रोक्कामोऱ्यात देव मानणारे आणि न मानणारे असे दोन तट आहेत. पण जिंकत्या रविवारी जे घडलं ते पुढच्या रविवारी जसंच्या तसं घडलं पाहिजे, यावर दोन्ही तटांचं एकमत आहे. मागे एकदा गोलरक्षकाला सामन्याआधी त्याच्या सासूने थोबाडीत मारली आणि संघ जिंकला, तेव्हा तो संपूर्ण वसंत ऋतू सासू वेळेवर मैदानावर हजर असे. तिची काही तक्रार नव्हती.

पुढच्या रविवारी नेव्हियो म्हणाला, "अध्यक्ष, कोपऱ्यातली रेघ जरा पुसट वाटते हो."

ओरेस्तेला ऐकून बरं वाटलं. कोणीतरी शेवटी रेघेची काळजी करत होतं. तो खोलीत गेला आणि मागे दार लागलं. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.

"नेव्हियो! हरामखोरा!"

"दोन हाफ फक्त, अध्यक्ष!" बाहेरून आवाज आला. "आरडाओरडा करा. मागच्या वेळी केला होतात, ते राहायला नको!"

संघ जिंकला. तिसऱ्या रविवारी ओरेस्ते आपल्या पायांनी आत गेला.

मग त्या कोंडण्याचा सोहळाच झाला. अकरा खेळाडू रांगेने येऊन त्याच्या खांद्याला हात लावत. पाद्री आर्मीदो उंबऱ्याशी उभे राहून म्हणत, "मी आशीर्वाद देत नाहीये, नुसता इथून चाललो होतो." ते दर रविवारी तिथूनच चाललेले असत. "आज काही खरं नाही आपलं," असं सगळे एकमेकांना म्हणत, कारण जिंकू असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने हरणं. दृष्ट लागू नये म्हणून तिथे लोखंडाला हात लावतात. तेव्हा सोमवारी ओरेस्तेच्या दुकानात ही गर्दी! माणसं येत, बिजागऱ्या, कड्या, फावडी हाताळत आणि काही न घेता निघून जात.

आत अंधारात, चुन्याच्या पोत्यावर बसून ओरेस्ते सामना ऐकायला शिकला. गोल हुकला की लोकांचा आवाज आधी वर जातो आणि मग खाली येतो. गोल झाला की वरच राहतो. समोरच्यांनी गोल केला की कबुतरांचा आवाज ऐकू येतो. पण कोणी, कसा, कुठून, यातलं काही कळत नसे, आणि रात्रीच्या जेवणाला बायको इल्दे जे सांगे त्याने तर जीव आणखीच टांगणीला लागे.

"एकाने लाथ मारली. आत गेला."

"कोणी?"

"त्या दाढीवाल्याने. की दाढी दुसऱ्याला आहे?"

"डाव्या पायाने की उजव्या?"

"पायाने मारला, ओरेस्ते. सूप निवतंय."

तीस वर्षं त्याने या मैदानावर वाट पाहिली होती. उन्हाळ्यात गवताला पाणी घातलं, हिवाळ्यात चिखल ओढला. पोरं शहरात कामाला जातात, तरी रविवारी परत येतात ती या संघासाठी, हे त्याला ठाऊक होतं. संघ लीगच्या खालच्या वर्गात घसरला तर तीही यायची बंद होतील. त्या वर्गाच्या खाली मग एकच सामना उरतो, सणाच्या दिवशी होणारा लग्न झालेले विरुद्ध न झालेले. आणि रोक्कामोऱ्यात न झालेल्यांचे अकरा आता भरत नव्हते. तेव्हा कोंडून घेण्याला त्याची ना नव्हती. त्याला सलत होतं ते वेगळंच, आणि ते एका रात्री त्याने इल्देला विचारलं.

"मी पांढऱ्या पायाचा आहे का गं?"

इल्देने भांडं विसळता विसळता विचार केला. तिच्या स्वभावात पटकन धीर देणं बसत नव्हतं. "पायांचं माहीत नाही," ती म्हणाली. "पण तू काठावरून ओरडायचास ना, 'अरे गाढवा, उजवीकडे!' तेव्हा तो गाढव बिचारा थांबून तुझ्याकडे बघायचा. आता कोणी थांबत नाही."

ओरेस्तेला वाटलं, यापेक्षा अपशकुनी असतो तर बरं झालं असतं. त्यात निदान आपला दोष नसतो.

शेवटचा सामना पोंतेवेर्देशी होता. पोंतेवेर्दे म्हणजे दरीपलीकडचं गाव, म्हणजे शत्रू. जिंकलो तर त्याच वर्गात टिकलो, नाहीतर खाली. नुसत्या बरोबरीने भागणार नव्हतं. आणि आपल्या गावाची गुपितं दरी ओलांडत नाहीत हा रोक्कामोऱ्याचा जुना गैरसमज होता.

आदल्या दिवशी दोन अनोळखी तरुण दुकानात आले. त्यांना पहार हवी होती. लोखंडाला नुसता हात लावून जाणाऱ्या गर्दीत खरं गिऱ्हाईक पाहून ओरेस्तेचा ऊर भरून आला. त्याने तीन पहारी काढून दाखवल्या.

"कुलूप तुटलं पाहिजे, काका. पक्कं आहे म्हणतात."

"ही घ्या. हिच्यापुढे कसलंही कुलूप टिकणार नाही," ओरेस्ते म्हणाला. मालाबद्दल तो या वेळीही खोटं बोलला नव्हता.

दुसरा हाफ बराच पुढे गेला होता, गोल कोणाचाच नव्हता, तेव्हा दारापाशी कुजबुज झाली.

"काका? घाबरू नका. आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय."

"कोण आम्ही?"

"पोंतेवेर्देचे. माणसाला असं कोंडून ठेवणं म्हणजे काय? हा अन्याय आहे, काका!"

"माझी काही तक्रार आहे का? जा इथून!"

"तुमच्या मनावर परिणाम झालाय. होतं असं, कोंडून ठेवल्यावर."

पहार कुलपात घुसली. आयुष्यभर टिकणारं कुलूप दोन हिसक्यांत आतल्या बाजूला, ओरेस्तेच्या पायाशी पडलं. माल दोन्ही त्याचाच. त्यातल्या कोणत्याचा अभिमान वाटून घ्यावा हे ठरवायला वेळ नव्हता. त्याने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. बाहेरचे ओढू लागले.

"या ना बाहेर, काका! तुमचा संघ खेळतोय, बघा तरी!"

"नाही बघायचं मला!"

"तुम्ही मोकळे आहात!"

"सोडा! मोकळा करू नका मला! वाचवा!"

जगात सुटकेला इतक्या निकराने विरोध क्वचितच झाला असेल. बिजागऱ्या त्याच्या दुकानातल्या नव्हत्या, त्यामुळे त्या आधी निखळल्या. पोंतेवेर्देचे दोघे पाठीवर आपटले, दार डुलत मोकळं झालं आणि उन्हाचा लोट खोलीत आला. ओरेस्तेने डोळे गच्च मिटले. डोळे मिटूनच त्याने दार कवटाळलं, परत चौकटीत उभं केलं आणि आतून खांदा लावून धरलं.

बाहेर इल्देचा आवाज आला. "माझ्या नवऱ्याचं दार मोडता, मेल्यांनो?" पाठोपाठ छत्रीचा आवाज आला, आणि मग पळणाऱ्या पावलांचा.

"ओरेस्ते, गेले ते. ये बाहेर."

"नाही."

"अरे, आता दारच राहिलं नाही."

"आहे. मी धरलंय."

"तुझ्यापुढे हात टेकले बाई," इल्दे म्हणाली, आणि बाहेरून दाराच्या एका कडेला पाठ लावून उभी राहिली. त्यामुळे दार अधिक जड झालं की हलकं, हे ओरेस्तेला सांगता आलं नसतं.

भरल्या अंगाचा माणूस, वर जुनाट ओक लाकडाचं दार. त्याचे गुडघे हळूहळू वाकले, खांदा घसरला, आणि उजवा गाल लाकडाला घासत कमरेच्या उंचीवर आला. तिथे गालाला ऊन लागलं. कुलूप उपटलं गेलं होतं तिथे मुठीएवढं भोक पडलं होतं.

त्याने डोळा मिटलेलाच ठेवला. बाहेर आवाज वर गेला आणि खाली आला. कॉर्नर मिळाला असावा. कोपरा तोच, पुसट रेघेचा. आपण पाहिलं आणि हरलो, तर? आणि नाही पाहिलं आणि जिंकलो, तर उरलेलं आयुष्य दाढीवाल्याचा पाय डावा की उजवा हे इल्देला विचारत बसायचं.

ओरेस्तेने डोळा उघडला.

भोकातून बरोबर गोलपोस्ट दिसत होता. चेंडू आला, गोलरक्षकाच्या हातून निसटला, पंधरा पाय एकदम हवेत गेले आणि कोणाचाच लागला नाही. तुल्लियो, सगळ्यांत संथ खेळाडू, खाली वाकून मोजा वर ओढत होता. चेंडू त्याच्या पाठीवर आपटला आणि थोडा विचार करून जाळीत गेला. तीस वर्षांत ओरेस्तेने इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. तोंडापर्यंत आलेलं "शाबास गाढवा!" त्याने गिळून टाकलं.

शिट्टी झाल्यावर गाव धावत आलं. अध्यक्ष मोडक्या दाराला आतून खांदा देऊन उभे आहेत हे पाहून नेव्हियोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अध्यक्ष! शेवटपर्यंत! काहीच बघितलं नाहीत ना?"

"अंधार होता," ओरेस्ते म्हणाला. त्यांनी त्याला दारासकट उचललं आणि चौकात नेलं.

रात्री इल्देने सूप वाढलं. "शेवटी काय झालं," ती सांगू लागली, "की त्या तुल्लियोने लाथ मारली..."

"लाथ कसली! पाठीला लागून गेला. तो मोजा ओढत होता."

इल्देची पळी हवेत थांबली. ओरेस्तेने पावाचा तुकडा मोडला आणि तो फार काळजीपूर्वक सुपात बुडवला. मग इल्देने वाढायचं पुरं केलं आणि चीजची वाटी त्याच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सुतार गुएर्रीनो दुकानात आला. लोखंडाला हात लावून झाल्यावर त्याने विचारलं, "दार बसवतो उद्या. नवं कुलूप देतोस की भोक लाकडाने बुजवू?"

"काहीएक बुजवायचं नाही," ओरेस्ते म्हणाला. "जिंकलो तेव्हा जसं होतं तसंच राहिलं पाहिजे. बाहेरून नुसती कडी लाव."

"तेही खरंच. गावालाही तेच वाटेल." गुएर्रीनो निघाला.

"आणि आत एक स्टूल कर," गल्ल्यामागून खिळे तोलता तोलता इल्दे म्हणाली. "बुटकंसं. बसलं की डोळे त्या भोकाशी आले पाहिजेत."

"भोकाशी? ते कशाला, वहिनी?"

"अंधारात बसायला," इल्दे म्हणाली.