गावड्यांचे रातकिडे

शशिकांत गावडे स्वतःसाठी स्वस्तातली गाजरं आणत आणि किड्यांसाठी ‘बिओ’, म्हणजे सेंद्रिय. किडे म्हणजे रातकिडे. प्लॅस्टिकच्या पेटीत, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या आडोशाला ते राहत. त्यांना खाणारा भाऊसाहेब हा येमेनी सरडा शेजारच्या जाळीदार कपाटात, दिव्याखाली फांदीवर बसलेला असे.

“किड्याच्या पोटात जे जाईल, तेच भाऊसाहेबाच्या हाडात जाणार. गेनाऊ? बरोबर?” असं ते विचारत आणि उत्तराची वाट न पाहता किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरत. स्वतः बहुधा ब्रेडवर भागवत.

स्टुटगार्टातल्या त्या चढावरच्या इमारतीत गावडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते इंजिनिअर होते. मी तळमजल्यावर. पुण्यातली उपसंपादकाची नोकरी सोडून बायकोच्या नोकरीमागे आलो होतो आणि घरी बसून जर्मन क्रियापदांशी झटत होतो. गावडे मला ‘संपादक’ म्हणत. या बढतीत आदर नव्हता.

एकदा ते कामासाठी बाहेरगावी गेले तेव्हा सरडा माझ्यावर सोपवला होता. मी कपाटात पाण्याची वाटी ठेवली. परत आल्यावर ते वाटीकडे बघत म्हणाले, “पाहुणा आलाय का हो, संपादक? तो पानांवरचे थेंब चाटतो. फवारा मारायचा. नशीब, सोबत गुळाचा खडा नाही ठेवलात.”

ठेवला होता. मुंग्या लागल्या म्हणून काढला होता.

गावड्यांची एक सवय मात्र मला कळत नसे. रविवारी दुपारी ते अर्धा तास किड्यांच्या पेटीवर काळा टॉवेल टाकत. अंधार झाला की किडे जोरात ओरडू लागत.

“हे कशाला?”

“वामकुक्षी.”

“त्यांची?”

“इमारतीची तर नक्कीच नाही,” गावडे म्हणाले.

ते खरं होतं. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळाही ठोकत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ केलरनी घरमालकाकडे तक्रार केली आणि मालकाने बजावलं: आवाज थांबला नाही, तर किडे घराबाहेर.

मी वार्ताहराच्या शिस्तीने चौकशी केली. प्राण्यांच्या दुकानदाराने सांगितलं, टोळ ठेवा. सरडे आवडीने खातात आणि आवाज जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दुकानातही तेच. दोन सूत्रांकडून दुजोरा मिळाला होता. गावड्यांना सांगितलं, तर म्हणाले, “टोळ पचायला जड.”

“भाऊसाहेबाला?”

“सगळ्यांनाच.”

हा हट्ट मोडायचाच म्हणून पुढच्या रविवारी दुपारी मी टोळांचा डबा घेऊनच वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. गावडे पाठमोरे, फोनवर. पेटीवर टॉवेल होता आणि फोनचा स्पीकर पेटीला जवळजवळ टेकलेला. इथे लख्ख ऊन होतं. कोकणात तेव्हा दिवेलागण झाली असणार.

“खंय आसस रे, बाबू?” फोनमधून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “कोणतरी म्हणत होता, तू लांब गेलंस.”

“हयच आसंय गे आये.” गावड्यांचं एरवीचं शहरी मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

“होय तर. रातकिडे वरडतत. म्हणजे मागच्या परड्यातच आसस. जेवक ये.”

“येतंय. हात धुतंय.”

मला अजून काही कळलं नव्हतं. टॉवेल नसला की किती शांत असतं याचं प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून मी पुढे झालो आणि टॉवेलचा कोपरा उचलला. किडे गप्प झाले.

“बाबू?” आवाज घाबरा झाला. “बाबू, खंय गेलंस? शांत कित्या झाला?”

गावडे वळले. एरवी अशा वेळी एखादा टोमणा ठरलेला असे. या वेळी त्यांनी नुसतं टॉवेलकडे बोट दाखवलं.

मी टॉवेल सोडला. दोघंही पेटीकडे बघत उभे राहिलो. भाऊसाहेबाने एक डोळा आमच्याकडे वळवला. मग एक किडा ओरडला. मग दुसरा.

“हयच आसस तर,” आवाज निवला. “भात निवता हा रे.”

“इलंय गे, आये.”

टोळांचा डबा कोटाखाली लपवून मी जिना उतरू लागलो. सगळं समजावून सांगता येईल एवढं जर्मन मला येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर थांबून ‘आई’ आणि ‘अर्धा तास’ हे शब्द मनात दोनदा घोकले आणि रविवार असूनही फ्राउ केलरच्या दाराची घंटा वाजवली.