आधी ओळख पटवा

एकदा मी बसल्या जागी, एका बोटाने, अख्खा साखर कारखाना बंद पाडता पाडता राहिले. नातवंडांना हे अजून सांगितलेलं नाही. घरात मी हुशार समजली जाते.

तेव्हा मी श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यात ऊसनोंदणीला होते. वय पन्नास, अक्कल सोळाची. कॉम्प्युटर विभागात होते रशीदभाई. विभाग म्हणजे एकटे तेच.

रशीदभाईंचा कुणावर विश्वास नाही. चेअरमनसाहेबांचा फोन आला तरी म्हणायचे, "आधी ओळख पटवा." बायकोलाही तेच. ती माउली, सकाळी डब्यात कुठली भाजी दिली ते सांगून ओळख पटवायची.

आमच्या अख्ख्या ऑफिसचा पासवर्ड एकच होता: ८६०३२. उसाची जात! शिवारातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, हे कुलूप हाय का तोरन?" तेव्हापासून दर सोमवारी टेबलांच्या काचा उचलून खालच्या पासवर्डच्या चिठ्ठ्या जप्त. रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची नक्कल एका डिस्कवर घेऊन, ती स्टीलच्या डब्यात घालून घरी न्यायचे. आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी.

ऐन गाळप हंगामात मला मेल आली: 'तोडणीची सुधारित यादी'. पाठवणारा अनोळखी. पण यादी म्हटल्यावर माझं बोट कसलं थांबतंय! पडदा काळा झाला, वर लाल इंग्रजी अक्षरं: फायली कुलपात, पैसे भरा. कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार, ते सगळं त्या मशीनमध्ये होतं. ते गेलं तर गावोगावचा ऊस उभ्याउभ्या वाळणार.

मनात आलं, मशीन बंद करावं, वीज गेली म्हणावं आणि चहाला जावं. पण पाय त्यांच्या खोलीकडे पळाले. "रशीदभाई, मी माती खाल्ली!"

ते ताडकन उठले. धावत येऊन मशिनं एकमेकांना जोडणाऱ्या तारा उपटल्या. बाकीची मशिनं वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या नकलेवरून यादी पुन्हा उभी राहिली.

मी राजीनामा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाले,

"ताई, फाडा त्यो कागद. तुमी लपवलं असतं तर सगळंच गेलं असतं. बारा वर्सं टेबलोटेबली मीच फिरतोय, आज पयल्यांदा कुनीतरी आपनहून माझ्याकडं आलं. बसा, चा सांगतो."