दहावा नंबर

आमच्या शेजारच्या भालूदादाला सुतक कधी लागेल याचा नेम नसतो. एकदा सकाळी तो ओट्यावर तोंड पाडून बसला होता. "सहावा गेला," म्हणाला. माझी बायको भाबडी. घरातलं कुणी गेलं समजून तिने किटलीभर चहा नेऊन दिला. सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर कळलं, की गेलेला माणूस परदेशातला कुणी गिटारवाला होता.

भालूदादा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. तो बसतो तिथल्या भिंतीवर जगातल्या दहा थोर गिटारवाल्यांची यादी रंगवलेली आहे. अट एकच, माणूस हयात हवा. कुणी गेला की नावावर पांढरा रंग मारायचा आणि खालच्यांना एकेक पायरी वर घ्यायचं. त्या दिवशी तो डोळे आखत नाही. गणपती रडका दिसेल, म्हणतो. ऐन हंगामात असा कुणी गेला की कारखान्याचा मालक त्या परक्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो.

स्वतः भालूदादाने गिटारला कधी हात लावला नव्हता. आपण फक्त ऐकणार, वाजवणार पक्या. पक्या म्हणजे त्याचा रोह्याचा जुना दोस्त. कंपनीत शिफ्ट करायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. दर रविवारी भालूदादा एसटीने रोह्याला जाणार, दोघं चौथा मोठा की पाचवा यावर दिवे लागेपर्यंत भांडणार, आणि निघताना पक्या विचारणार, "दहावा तरी कर रं मला."

"यादी म्हंजे यादी. तिथं वशिला नाय." हे उत्तर तीस वर्षं ठरलेलं.

यंदा दिवाळीनंतर पक्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात गेला. गिटारच्या तारा दाबायच्या त्या नेमक्या त्याच हाताने. मी भालूदादाला म्हटलं, आता तरी लिही त्याचं नाव, तुझं काय जातंय? तो असा भडकला, की चार दिवस माझ्याशी बोलला नाही. खोटं लिहिलं तर सगळ्यात आधी पक्यालाच कळेल, म्हणाला. मला त्या वेळी त्याचा खरंच राग आला.

रविवारी मात्र तो मला रोह्याला घेऊन गेला. पक्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. चौथ्या-पाचव्याचं भांडण काढून पाहिलं, पण ते काही रंगेना. आम्ही निघायला उठलो, तरी पक्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

भालूदादा दारातून मागे फिरला. खुंटीवरची गिटार काढून त्याने पक्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या डाव्या अंगाला चिकटून बसला.

"तू छेड. मी तारा दाबतो."

"तुला कुठं येतंय?"

"तीस वर्षं काय तुझं तोंड बघत होतो व्हय? बोटंच बघत होतो."

वरातीतलं एक जुनं गाणं निघालं. वाईटच निघालं. भालूदादाची बोटं केसाएवढी रेघ न थरथरता ओढतात, पण तारेवर दर वेळी जरा उशिरा पोचत होती. पक्या शिव्या घालत होता, हसत होता, आणि उजवा हात काही थांबवत नव्हता. त्याची बायको चहा घेऊन आली ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

सोमवारी मी कारखान्यात डोकावलो. यादीतला दहावा पांढऱ्या रंगाखाली गेला होता, बिचारा हयात असूनही. त्या जागी डोळे आखायच्या ब्रशने लिहिलं होतं, 'पक्या, रोहा'. आणि खाली, वाकून वाचावं लागेल इतकं बारीक, 'डावा हात भालूचा'.

भालूदादा जागेवर नव्हता. रविवार नसतानाही तो दुपारच्या एसटीने रोह्याला गेला होता. गाण्यातली एक जागा अजून चुकतेय, असं मालकाला सांगून.